लोखंडी पाटीवरचं टेक्श्चर सुटतंय: वरून डागडुजी करावी की सगळं उतरवावं?

माडाखालचा (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. दापोली तालुक्यात, समुद्रापासून हाकेच्या अंतरावर आमचं घरगुती जेवणाचं आणि राहण्याचं ठिकाण आहे. रस्त्याला लागून आठ बाय चार फुटांची पाटी आहे. दीड इंची चौकोनी पाइपची चौकट, त्यावर १८ गेजचा एमएस (साध्या लोखंडाचा) पत्रा. पत्र्याच्या कडा मागे वळवून त्याची पेटी केलीय. पुढच्या बाजूला पांढरं खरबरीत टेक्श्चर, जुन्या चुन्याच्या भिंतीसारखं दिसावं म्हणून मुद्दाम करून घेतलेलं. त्यावर स्टीलची अक्षरं.

दिसायला छान होती. आता खालच्या कडेला तळहाताएवढे पोपडे गळून पडलेत, मधल्या भागात फुगे आलेत आणि अक्षरांच्या खालून तपकिरी ओघळ उतरलेत. पाहुणे पाटीजवळ फोटो काढतात, तेव्हा लाज वाटते. ज्यांनी पाटी बनवली त्यांचं म्हणणं, समुद्राजवळ असंच होणार. इथला रंगारी म्हणतो, पडलेल्या जागी पुट्टी भरतो, वरून टेक्श्चर ओढतो, दोन दिवसांचं काम आहे.

मिरगाच्या आत उरकायचं आहे. रंगाऱ्याचं ऐकू का? जाणकारांनी प्रकाश टाकावा. फोटो खाली चढवलेत.

खवचट_खारूताई

जुन्या वाड्यासारखी दिसावी अशीच इच्छा होती ना? दिसतेय की हुबेहूब. :)

(जागा धरून बसतेय. आमच्या सोसायटीच्या गेटवरच्या पाटीचंही हेच झालंय.)

गवंडीबुवा

एवढं काही अवघड नाही. सुटलेलं खरवडा, उघड्या पत्र्यावर रेड ऑक्साईड प्रायमरचा एक हात मारा, कोंबडीजाळी ठोका, वॉल पुट्टी भरा, वर टेक्श्चर. लोखंड उन्हात फुगतं आणि सिमेंट फुगत नाही, म्हणून तडे जातात. जाळी टाकली की थांबतं. आम्ही शेकडो भिंती अशा केल्यात.

पत्रा_आणि_पाइप

बुवा, भिंती केल्या असतील, पत्रे नव्हेत. रागावू नका, पण पत्र्यावर वॉल पुट्टी म्हणजे गाळात खांब.

माझं फॅब्रिकेशनचं वर्कशॉप आहे, कोल्हापुरात उद्यमनगरला. एक गैरसमज आधी काढून टाकतो, कारण तो सगळीकडे ऐकू येतो. लोखंड आणि सिमेंट उष्णतेनं जवळजवळ सारखंच प्रसरण पावतं. एका अंश सेल्सियसला लांबीच्या दहा लाखांश भागांत मोजलं तर लोखंड साधारण १२, काँक्रीट १० ते १२. हे असं नसतं तर आरसीसी नावाचं प्रकरण उभंच राहिलं नसतं. आठ फुटांचा पत्रा पहाटेपासून दुपारपर्यंत ४० अंशांनी तापला तरी सव्वा मिलिमीटरच्या आत वाढतो. अॅल्युमिनियमचा आकडा २३ आहे, तो तेवढ्याच तापात सव्वादोन मिलिमीटर जातो. तिथं ही तक्रार खरी आहे.

लोखंडी पत्र्यावर तडे जातात ते वेगळ्या कारणानं. १८ गेज म्हणजे १.२ मिलिमीटर. चौकटीला मधे आडवे पाइप कमी असले की वाऱ्यात पत्रा डफासारखा आत-बाहेर होतो. सिमेंटच्या टणक थराला ते वाकणं सोसत नाही. पाटीच्या मधोमध तळहातानं दाबून बघा. पत्रा आत जाऊन टक् आवाज करत बाहेर आला, तर कुठलंही टेक्श्चर तिथं टिकणार नाही, आधी मागून आडवी पट्टी लावून घ्या.

निवृत्त_रसायनवाला

पत्रा_आणि_पाइप यांना +१. मी आयुष्यभर रंगांच्या प्रयोगशाळेत नोकरी केली, तेव्हा माझा प्रश्न जरा निराळा आहे.

माडाखालचा, फोटोत पडलेली जागा दिसते. मला गळून पडलेला तुकडा बघायचा आहे, आणि तोही उलटा. डागडुजी कुठून करायची हे पाटी सांगत नाही, तुकड्याची पाठ सांगते.

पाठ कोरडी, पांढरी, स्वच्छ आणि पत्र्यावर प्रायमर जसाच्या तसा चकचकीत, असं असेल तर टेक्श्चरनं प्रायमरला धरलंच नव्हतं. गुळगुळीत प्रायमर न घासता त्यावर थापलं की असं होतं. तुकड्यासोबत प्रायमर निघून आला आणि खाली उघडा पत्रा दिसला, तर पत्रा नीट साफ केला नव्हता किंवा प्रायमरच मेला. पाठीवर गंजाच्या पापड्या असतील तर पाणी मागून किंवा कडेनं आत शिरतंय, आणि तुम्ही पुढून कितीही रंगकाम करा, ते वाया. तुकडा मधूनच भुगा होऊन अर्धा पत्र्यावर राहिला असेल तर माल कच्चा, म्हणजे गवंड्यानं पाणी सढळ हातानं ओतलेलं.

पाटीच्या वेगवेगळ्या भागांतले तुकडे घ्या. एका पाटीला दोन आजार असू शकतात.

आणखी एक. टेक्श्चर सिमेंटचं आहे की बादलीत तयार मिळणारं अॅक्रिलिक, ते ठाऊक आहे का? नसेल तर सुपारीएवढा तुकडा एनसी थिनरमध्ये (रंगाच्या दुकानात मिळणारं पातळ द्रावण) झाकण लावून रात्रभर ठेवा. अॅक्रिलिक मऊ पडतं, सिमेंट ढिम्म राहतं. लिंबू पिळून फेस येतो का बघा असं कुणी सुचवील, त्यात पडू नका. अॅक्रिलिकमध्येही संगमरवराची पूड भरलेली असते, तिलाही फेस येतो.

माडाखालचा

काका, तुमच्या म्हणण्याप्रमाणे सगळं केलं.

थिनरमध्ये काहीच झालं नाही, म्हणजे सिमेंटचं. बायको म्हणाली ते पांढऱ्या सिमेंटच्या पोत्यातून कालवताना तिनं पाहिलं होतं.

मधल्या फुग्यांपैकी एक पटाशीनं उचलला. चपातीसारखा अख्खा सुटून आला. पाठीला तांबडा प्रायमर चिकटलेला, आणि तो चक्क मऊ. नखानं ओढला तर मेणासारखी वळी निघाली, बोटांना बुळबुळीत लागतं. खाली पत्रा काळपट, थोडे तांबूस ठिपके, पण फारसा गंज नाही.

खालच्या कडेचं मात्र वाईट आहे. तिथल्या तुकड्यामागे गंजाचे थर, एकावर एक, चिरोट्यासारखे पदर सुटतात. पेटीची खालची घडी स्क्रूड्रायव्हरनं टोचली तर एका जागी तो आरपार गेला आणि आतून पाणी आलं. महिनोन्‌महिने पाऊस नाही, तरी पाणी!

पत्रा दाबून पाहिला. डावीकडे टक् होतं, उजवीकडे नाही.

निवृत्त_रसायनवाला

म्हटलं होतं ना, दोन आजार.

मधल्या भागातला मऊ तांबडा थर म्हणजे शब्दशः साबण. साधा रेड ऑक्साईड प्रायमर तेलाच्या आधारावर बनतो, त्याला आम्ही अल्कीड म्हणतो. ओलं सिमेंट तीव्र अल्कली, पीएच १२ च्या वर. तेल आणि अल्कली ओलाव्यात एकत्र आले की साबण होतो, कारखान्यात होतो तसाच. कोरड्या हवेत ही क्रिया रखडते, कोकणात ३००० मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, तिथं ती आरामात पुरी होते. म्हणजे पाटी ज्या दिवशी बनली त्याच दिवशी तिच्या पोटात हे भांडण लावून दिलेलं होतं. समुद्राचा इथं संबंध नाही. रेड ऑक्साईडवर सिमेंट थापलं असतं तर ते नागपुरातही सुटलं असतं, जरा उशिरा.

(जीआय, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेल्या पत्र्यावर ऑईलपेंट थेट मारला की काही वर्षांत सालपटं निघतात, त्याच्या मुळाशीही हेच. तिथं अल्कलीचं काम जस्ताची संयुगं करतात. म्हणून जीआयला आधी वॉश प्रायमर लागतो.)

खालच्या कडेचा गंज हा दुसरा आजार. लोखंडाचा गंज झाला की त्याचं आकारमान कितीतरी पट वाढतं, दुप्पट ते सहापट. तेवढी जागा मिळवायला तो टेक्श्चरला पुढे ढकलतो. हे पाणी वरून आत शिरून घडीत साठलंय. कुठून शिरलं ते शोधावं लागेल.

गवंडीबुवा

पण सिमेंट लोखंडाला गंजू देत नाही असं आम्हाला शिकवलंय. स्लॅबमधली सळई कुठं गंजते?

निवृत्त_रसायनवाला

बुवा, तुमचा मुद्दा बिनचूक आहे. तीच अल्कली सळईवर संरक्षक पापुद्रा धरून ठेवते. पण सळईवर निदान वीस-पंचवीस मिलिमीटरचं आवरण असतं. पाटीवर दोन-तीन मिलिमीटरचा थर. हवेतला कार्बन डायऑक्साईड इतक्या पातळ थराची अल्कली बघता बघता संपवतो. मग खारी हवा आहेच, तिच्या मिठातलं क्लोराईड तर अल्कली शिल्लक असतानाही तो पापुद्रा फोडतं. समुद्रकाठच्या जुन्या इमारतींच्या गॅलऱ्यांखाली सळया उघड्या पडलेल्या तुम्हीही पाहिल्या असतील.

टूसॉनची_सई

अॅरिझोनातून नमस्कार. इथं अर्धं शहर स्टकोचं (सिमेंटच्या खरबरीत गिलाव्याचं) आहे, घरं, कुंपणं, दुकानांच्या पाट्या, सगळं. इथले कारागीरही धातूवर स्टको करतात, पण पत्र्यावर नाही, जाळीवर. मागे पाणी अडवणारा कागद, त्यावर उठावाची धातूची जाळी, आणि त्या जाळीच्या डोळ्यांत माल घुसवून तीन थर, मिळून पाऊण-एक इंच जाड. जाळी मालाच्या आत गाडली जाते, म्हणून पकड येते. कोंबडीजाळी पत्र्याला चिकटवून ठोकली तर तिच्या मागे माल जातच नाही, म्हणून गवंडीबुवांची जाळी नुसती शोभेची होईल.

रस्त्यालगतच्या पाट्यांना इथं बहुधा थर्माकोलचा ठोकळा कापतात, त्यावर फायबरग्लासची जाळी आणि पॉलिमरचा लेप, मग टेक्श्चर. हलकी होते, गंजायला काही उरतच नाही. आमच्याकडे पाऊस नावापुरता. कोकणात ठोकळ्याच्या कडा उघड्या राहिल्या तर काय होईल, हे तुम्हीच ठरवा.

खवचट_खारूताई

उंदीर-मुंग्या घर करतील, आणखी काय होणार.

पत्रा_आणि_पाइप

आता पाणी कुठून शिरलं ते सांगतो, पण आधी एक विचारतो. माडाखालचा, अक्षरं पाटीबरोबरच बसवली होती का नंतर?

माडाखालचा

नंतर. आधी इंग्रजी नाव होतं, ते टेक्श्चरवर रंगवलेलं. मराठी पाट्यांची सक्ती झाली, २०२३ च्या नोव्हेंबरची मुदत होती ना, तेव्हा घाईघाईनं स्टीलची देवनागरी अक्षरं लावून घेतली. अक्षरामागे तीन-चार स्टड (आट्यांच्या काड्या) आहेत, ते भोक पाडून मागून नटनं आवळलेत.

पत्रा_आणि_पाइप

झालं. सापडला चोर.

त्या वेळी काय झालं ते मी आमच्याकडेही बघितलंय. २०२२ ला कायदा बदलला, दहापेक्षा कमी कामगारांच्या दुकानांनाही मराठी पाटी बंधनकारक झाली, अक्षरं इतर लिपीपेक्षा लहान चालणार नाहीत असंही आलं. पुढं सप्टेंबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं दोन महिने दिले आणि सगळे एकदम जागे झाले. नवी पाटी कोण करतो, जुन्यालाच भोकं पाडा! कायद्याला नावं ठेवत नाही, उलट आमचा धंदा झाला. पण तयार टेक्श्चरमधून ड्रिल मारलं की भोकाची कड उघडी पडते. तिथं ना प्रायमर, ना रंग. त्यात स्टेनलेसचा स्टड साध्या लोखंडात, दोघांमध्ये खारं पाणी. असा जोड मिळाला की साधं लोखंड झिजतं आणि स्टेनलेस चकचकीत राहतं. तुमचे तपकिरी ओघळ अक्षरांचे नाहीत, भोकांचे आहेत. त्याच भोकांतून पाणी पेटीत उतरलं, खालच्या घडीत बसलं. खाली निचऱ्याची भोकं आहेत का? नसणारच. घडीतल्या पाण्याला जायला वाट नाही, म्हणून ते उन्हाळ्यातसुद्धा आहे.

भोकं बुजवायला कुणी सिलिकॉन वापरलंय का बघा. व्हिनेगरसारखा वास येणारं स्वस्तातलं सिलिकॉन सुकताना अॅसिटिक अॅसिड सोडतं, लोखंडाला ते विष. न्यूट्रल लिहिलेलं घ्यायचं, नाहीतर पीयू (पॉलियुरेथेन) सीलंट.

माडाखालचा

वास आठवतोय! अक्षरं लावली त्या दिवशी लोणच्याची बरणी उपडी झाल्यासारखा वास सुटला होता.

मग आता सरळ सांगा, काय करू? टेक्श्चर हवंच आहे. त्यातच तर ओळख आहे आमची.

निवृत्त_रसायनवाला

सगळं टेक्श्चर उतरवा. चांगलं दिसणारंही. त्याच्याखाली साबण तयार आहेच. नाणं घेऊन ठोकत जा, जिथं बद्द आवाज येईल तो भाग आजच सुटलाय, जिथं टणक येईल तो पुढच्या पावसाळ्यात सुटेल. तुमच्या रंगाऱ्याची पुट्टी चांगल्या भागाला चिकटेल आणि त्या भागासकट खाली येईल.

ज्यांचं टेक्श्चर अॅक्रिलिक आहे आणि एखाददुसरी जागाच गेलीय, त्यांना मात्र ठिगळ लावता येतं. सुटलेल्या भागाभोवती वेडावाकडा खड्डा ठेवू नका. धारदार पात्यानं सरळ रेघेत कापा आणि शक्यतो पाटीच्या एखाद्या नैसर्गिक हद्दीपर्यंत न्या, म्हणजे खाच, पट्टी, कोपरा. साध्या रंगाची कड घासून विरवता येते, दाणेदार टेक्श्चरची येत नाही. दाणा जुळवायचा तर पडलेला तुकडा चुरून चाळणीनं चाळा, दीड मिलिमीटरचा आहे की दोनचा ते कळेल. रंगाचा नमुना अक्षराखालच्या, ऊन न लागलेल्या जागेचा घेऊ नका. बाकीची पाटी विटलेली आहे, नवा डाग उठून दिसेल. काहीही करा, सगळ्या पाटीवर बाहेरच्या अॅक्रिलिक रंगाचे दोन हात शेवटी लागतातच.

तुमच्या पाटीला हे लागू नाही. उतरवल्यानंतरचं पत्रा_आणि_पाइप सांगतील, त्यांचा हात बसलाय.

पत्रा_आणि_पाइप

आधी पाटी खाली उतरवा. वर चढून हे काम धड होत नाही. लाईट असेल तर मेन बंद करून वायर सोडवा. उतरवताना खांबाचा पाय बघा, जिथं तो काँक्रीटमध्ये शिरतो तिथं. लोखंडी खांब तिथंच कापल्यासारखा गंजतो आणि वरून दिसत नाही. हातोडीनं ठोका. तुमच्या भागातून २०२० ला निसर्ग वादळ गेलंय, मी जास्त बोलायला नको.

खालची घडी सडलीय, ती वाचवत बसू नका. तेवढी पट्टी कापून नवा पत्रा वेल्ड करा. नव्या घडीला दर दोन फुटांवर ८ मिलिमीटरचं भोक खालून, पाणी निघून जाईल. मागची बाजू उघडी ठेवा, पेटी बंद करू नका. डावीकडे टक् होतं तिथं मागून आडवी पट्टी.

साफसफाईला कोकणात एक पायरी जास्त आहे, आणि लोक तीच गाळतात. गंजात मीठ बसलेलं असतं. ते न धुता ग्राइंडर फिरवला तर मीठ पत्र्यावर घासून आणखी आत बसतं. आधी गोड्या पाण्याचा जोरदार फवारा. गोडं म्हणजे गोडंच, समुद्राकाठच्या विहिरी पुष्कळदा मचूळ असतात. मग सुकू द्या, कप ब्रशनं (ग्राइंडरला लावायचा तारेचा ब्रश) गंज काढा, पुन्हा धुवा, सुकवा आणि शेवटी ६० किंवा ८० नंबरची फ्लॅप डिस्क (पॉलिश पेपरच्या पाकळ्यांची चकती). नुसता कप ब्रश फिरवत बसलं की पत्रा आरशासारखा होतो. दिसायला झकास, पण प्रायमरला धरायला काही नाही. ओरखडे हवेत. सँडब्लास्टिंग कुणी सुचवलं तर नको म्हणा, १८ गेजचा पत्रा त्यात वाकडा होतो. तोंडावर धुळीचा चांगला मास्क लावा, सिमेंटच्या त्या धुळीत सिलिका असते.

त्याच दिवशी प्रायमर. तुमच्याकडच्या हवेत घासलेला पत्रा संध्याकाळपर्यंत पिवळा पडतो. झिंक फॉस्फेटवाला दोन डबे मिसळून वापरायचा इपॉक्सी प्रायमर, पुढून, मागून, घडीच्या आत, भोकांच्या कडेला, सगळीकडे. कडांना आधी ब्रशनं एक हात वेगळा, कारण कडेवर रंग पातळ राहतो आणि गंज तिथूनच सुरू होतो.

माडाखालचा

इपॉक्सी तर काचेसारखा गुळगुळीत होतो. त्यावर टेक्श्चर कसं धरणार?

पत्रा_आणि_पाइप

वाळूनं. दुसरा हात ओला असतानाच त्यावर कोरडी क्वार्ट्झ वाळू भुरभुरायची, अर्धा ते एक मिलिमीटरची, अख्खा पत्रा झाकला जाईपर्यंत. पाटी आडवी ठेवलेली असली की सोपं जातं. दुसऱ्या दिवशी न चिकटलेली वाळू ब्रशनं झाडून टाका. राहील तो पत्रा पॉलिश पेपरसारखा होतो, आणि त्यावर अॅक्रिलिक टेक्श्चर असं बसतं की पटाशीनं काढताना घाम फुटेल. पाण्याच्या फिल्टरात घालतात ती वाळू चालते. किनाऱ्यावरची नको, धुतलेलीही नको.

वर सिमेंट नाही, बादलीतलं अॅक्रिलिक टेक्श्चर. ते थोडं लवचिक असतं, पत्र्याबरोबर हलतं. इपॉक्सी अल्कलीला भीक घालत नाही हे खरं, पण पातळ पत्र्याचं हलणं सिमेंटला सोसत नाही ते नाहीच सोसत.

गवंडीबुवा

मान्य. पण मग पत्रा हवाच कशाला? चौकटीवर ८ मिलिमीटरचा सिमेंट बोर्ड स्क्रूनं लावा आणि त्यावर हवं ते टेक्श्चर करा. आमच्या हातचं काम.

निवृत्त_रसायनवाला

बुवा, या धाग्यातली ही सर्वांत शहाणी सूचना. गंजणारी गोष्ट टेक्श्चरच्या पाठीमागे राहतच नाही, चौकट तेवढी सांभाळायची. बोर्डाच्या चारही कडांना आणि पाठीला सीलर मारायचा, सांध्यावर फायबरची जाळीपट्टी. वजनाचं बघा: आठ बाय चारचा १.२ मिलिमीटरचा पत्रा साधारण २८ किलो भरतो, ८ मिलिमीटरचा बोर्ड तेहतीसच्या आसपास. म्हणजे चौकटीवर फार बोजा वाढत नाही. बोर्डाला मधे आधार मात्र जास्त लागतात, दर दीड-दोन फुटांवर पाइप.

पत्रा पन्नास टक्के सडला असता तर मी डोळे झाकून बोर्ड म्हटलं असतं. इथं खालची पट्टी सोडता पत्रा धड आहे, म्हणून तो ठेवायला हरकत नाही.

खवचट_खारूताई

आमच्या सोसायटीची पाटी एसीपीची (अॅल्युमिनियम कंपोझिट पॅनेल) आहे, तिच्यावर कुणीतरी भिंतीचं टेक्श्चर मारून ठेवलंय. तिचं काय?

पत्रा_आणि_पाइप

ताई, एसीपीचा वरचा थर अॅल्युमिनियम, त्यावर कारखान्यातला रंग. त्या रंगावर काहीही धरत नाही, तो बनवलाच त्यासाठी असतो, धूळ बसू नये म्हणून. शिवाय ओलं सिमेंट उघड्या अॅल्युमिनियमला खातं, हायड्रोजनचे बुडबुडे येतात. पाटी बदला आणि टेक्श्चरचा नाद सोडा. एसीपी दगडी, लाकडी छापाचीही मिळते.

माडाखालचा

ठरलं मग. पत्रा ठेवतो, घडी बदलतो, इपॉक्सी, वाळू, अॅक्रिलिक. पण दापोलीचा वेल्डर आठवड्यानंतरची तारीख देतोय आणि आकाश आत्ताच भरून यायला लागलंय. पावसाआधी सगळं होईल का?

निवृत्त_रसायनवाला

होईल, पण करू नका.

इपॉक्सीला हवेतली आर्द्रता ८५ टक्क्यांच्या खाली लागते आणि पत्रा दवबिंदूच्या तापमानापेक्षा निदान ३ अंशांनी गरम हवा. मेच्या शेवटी समुद्राकाठी पहाटे आणि संध्याकाळी हे जमत नाही. भर दुपारी पत्रा इतका तापतो की उलटा हात धरवत नाही, तेव्हाही रंग मारायचा नसतो. म्हणजे हिरव्या जाळीच्या सावलीत, दिवसाचे चारपाच तास तुमच्या हातात. तेवढ्यात प्रायमर होतो. टेक्श्चरचं तसं नाही. दोन मिलिमीटर जाडीचा तो थर वरून सुकतो, आत ओला राहतो, आणि त्यावर पहिली सर आली की पाटी दुधासारखी वाहते.

म्हणून आता फक्त लोखंडाचं काम: घडी, निचरा, धुणं-घासणं, इपॉक्सीचे दोन हात, वाळू न टाकता. त्यावर पांढऱ्या पीयू रंगाचा एक हात, कारण इपॉक्सी उन्हात खडूसारखा पिठाळतो. या पावसाळ्यात पाटी साधी पांढरी राहू द्या. दिवाळीनंतर हवा कोरडी झाली की गोड्या पाण्यानं धुवा, ८० नंबरनं घासून चमक मारा, इपॉक्सीचा एक पातळ हात, त्यावर वाळू, दुसऱ्या दिवशी टेक्श्चर. सकाळचं दहिवर वाळल्यावर हात लावायचा, दहा-साडेदहानंतर.

यात आणखी एक फायदा आहे. पावसाळ्यात कुठून गंजाचा डाग आला तर साध्या पांढऱ्या पाटीवर लगेच दिसेल आणि टेक्श्चर चढण्याआधी दुरुस्त करता येईल.

माडाखालचा

हे पटलं. बायकोला विचारलं, ती म्हणाली साधी पांढरीच बरी दिसेल, टेक्श्चरचा हट्ट तुमचाच होता. असो, तो वाद घरात.

अक्षरांचं काय करू? अकरा अक्षरं आहेत, प्रत्येकाला तीन-चार भोकं. तीच वापरू का?

पत्रा_आणि_पाइप

अजिबात नको. पत्रा घासायला घ्याल तेव्हाच वेल्डरकडून सगळी भोकं ठिपका मारून बुजवून घ्या. वेल्ड ग्राइंडरनं सपाट करा.

इंग्रजी अक्षरं सुटी असतात, तिथं प्रत्येकाला भोकं पाडणं आलंच. आपल्याला शिरोरेखा आहे की! पाठीमागून शिरोरेखेच्या जागी स्टेनलेसची एक सलग पट्टी लावा आणि सगळी अक्षरं तिला वेल्ड करा, एका शब्दाची एक वस्तू. मग शब्दाला वर तीन आणि खाली लांब काना असेल तिथं एक, चार स्टडमध्ये भागतं. तुमच्या दोन शब्दांना चाळीसएक भोकांऐवजी आठ. समुद्राजवळ आहात तर पट्टी आणि स्टड ३१६ ग्रेडचे घ्या, ३०४ वर खाऱ्या हवेत चहासारखे तपकिरी डाग पडतात. प्रत्येक स्टडला नायलॉनची बुशी, म्हणजे स्टेनलेस आणि लोखंड एकमेकांना शिवणार नाहीत, मागून नायलॉन वॉशर, त्यावर न्यूट्रल सिलिकॉन. आणि ही आठ भोकं आत्ताच पाडा, प्रायमरच्या आधी, म्हणजे त्यांच्या कडाही रंगतील. टेक्श्चर झाल्यावर त्या पाटीला ड्रिल लागता कामा नये. अक्षरं पाटीपासून दहाएक मिलिमीटर पुढे राहतील इतकी नळी घाला. मागून हवा खेळते, पाणी अडत नाही, आणि दुपारी सावली पडून नाव उठून दिसतं.

जुन्या अक्षरांवर कागद ठेवून पेन्सिलीनं ठसा घ्या आणि त्याचा फोटो मला व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा, कागदावर फूटपट्टी ठेवून. भोकांची मापं मी टाकून देतो.